मामींचा रविवार

आठवड्याचे सहा दिवस मामी इस्पितळाच्या धुलाईघरात उभ्या असत. उभ्या म्हणजे अगदी उभ्याच. तिथे बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर साबणाचा डबा ठाण मांडून बसलेला. तापलेल्या लांबलचक रोलरच्या एका अंगाने दोघीजणी ओली चादर आत सोडायच्या. दुसऱ्या अंगाला मामी आणि त्यांची जोडीदारीण ती कोरडी, कडक, बोटांना चटका देणारी चादर ओढून घ्यायच्या. टोकाला टोक, परत टोकाला टोक, चार घड्या आणि थप्पीवर. दिवसाला साडेतीनशे चादरी. संध्याकाळी घरी येऊन मामी पायांकडे बघायच्या, तेव्हा हे पाय आपलेच की कुणाचे उसने आणलेत असा त्यांना प्रश्न पडे.

सातवा दिवस रविवार. कामाला सुट्टी. पण रविवारी पहाटे साडेपाचला मामा उशाशी उभे राहत आणि म्हणत, "चला, पाखरं वाट बघताहेत." पाखरं कुणाची वाट बघत नाहीत हे मामींना पक्कं ठाऊक होतं. देवाने त्यांना पंख दिले ते काय वाट बघत बसायला? पण मामी उठत. पाण्याच्या दोन बाटल्या भरत, पिशवी खांद्याला लावत आणि मामांच्या डाव्या हाताला चालू लागत.

मामा हे अख्ख्या आळीचे मामा. एकतीस वर्षं ते यंत्रमागावर होते. तिथल्या धडधडाटात माणूस माणसाशी खुणांनी बोलतो. तिथून सुटल्यावर कानांना जरा थंडावा मिळावा म्हणून ते सुट्टीच्या दिवशी ओढ्याकाठी जाऊन बसायचे, आणि बसता बसता पाखरांच्या नादी लागले. आधी एकटे, मग मामी, मग आणखी कोण कोण. होता होता अठरा उन्हाळे झाले. दर रविवारी जुन्या पंपघराच्या फाटकापासून दगडी पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत दिसेल ते पाखरू, फुललेलं ते रानफूल वहीत लिहायचं. हल्ली नेमाने येणारी चौघं होती. वाचनालयात काम करणाऱ्या वहीवाल्या बाई, सतत काहीतरी बोलणारे दंतवैद्य, आणि शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी.

मामांनी पहिल्याच वर्षी एक नियम घालून दिला होता. फेरी संपली की पंपघराच्या बाकावर बसायचं, वहीवाल्या बाईंनी एकेक नाव वाचायचं, आणि दोघांनी स्वच्छ "हो" म्हटलं तरच ते नाव वहीत राहायचं. "वाटलं" चालायचं नाही. म्होरक्याची साक्ष धरायची नाही, कारण म्होरक्या जिकडे बोट दाखवतो तिकडे सगळ्यांना सगळं दिसतं, असं मामाच सांगत. मामींची साक्ष कुणी कधी मागितली नव्हती. त्या पाण्याच्या बाटल्यांबरोबर आलेल्या असत.

आता यातली खरी गोष्ट अशी, की तीन उन्हाळ्यांपूर्वी मामांचे कान गेले होते. अगदी ठार नाही. मोठं बोललेलं कळे, तोंडाकडे बघितलं की जास्त कळे. पण यंत्रमागाने आधी बारीक आवाज खाल्ले आणि मग हळूहळू त्यांच्याहून मोठेही खाल्ले. एकदा गजराचं घड्याळ मामांच्या कोपराशी ठणाणा करत होतं आणि मामा शेजारी शांतपणे दाढी करत होते, तेव्हा मामींना पहिल्यांदा कळलं.  त्यांनी घड्याळ बंद केलं आणि चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या रविवारी उंबराखाली हळद्या शीळ घालत होता आणि मामा त्याच्याखालून सरळ पुढे निघाले, तशी मामींनी त्यांचा दंड दाबला. मामा थबकले. झाडाकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं, महिना मनात धरला आणि हात वर करून म्हणाले, "हळद्या." मंडळी म्हणाली, "वा मामा." झालं. त्या दिवसापासून मामींचे कान मामांच्या डोक्याला लागले.

हळूहळू त्याची एक भाषाच झाली. एकदा दाबलं की हळद्या, दोनदा दाबलं की सुतार, अंगठा मनगटावरून फिरवला की वेडा राघू, चिमटा काढला की टिटवी. मामांचा अंदाज चुकला तर मामी नख लावत. मागावर एकतीस वर्षं खुणांवर जगलेल्या माणसाला ती भाषा शिकवावी लागली नाही. पण नवल असं, की या सगळ्याबद्दल नवराबायकोत एक शब्द कधी झाला नाही. घरातलं एखादं फुटकं भांडं फुटकी बाजू भिंतीकडे करून वर्षानुवर्षं फळीवर राहतं, तसं ते राहिलं.

दंतवैद्य चेष्टा करत. "मामी, या वयातही हात सोडवत नाही?"

"सोडला तर हरवतील," मामी म्हणत आणि सगळे हसत. मामी खोटं बोलत नव्हत्या.

तर त्या आठवड्यात धुलाईघरातल्या दोघीजणी तापाने घरी बसल्या होत्या. मामी एका अंगाने चादर आत सोडायच्या आणि वळसा घालून दुसऱ्या अंगाने ओढायच्या. शनिवारी दहा तास. रात्री पायांच्या पोटऱ्या आपोआप उड्या मारत होत्या. पहाटे मामा उशाशी येऊन नेहमीचं वाक्य बोलून गेले आणि पाठ करून बुटाच्या नाड्या बांधू लागले. मामी अंथरुणातूनच म्हणाल्या, "अहो, आज मी राहू का घरी?"

मामांची पाठ हलली नाही. मामी थोडा वेळ त्या पाठीकडे बघत राहिल्या. पुन्हा मोठ्याने म्हणता आलं असतं. पण पुढचं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं: उंबराखालून सरळ चालत निघालेले मामा, आणि मागे एकमेकांकडे बघणारी मंडळी. मामी उठल्या.

ऐन उन्हाळा. ओढ्यात पाणी म्हणजे खडकाच्या खळग्यात साठलेली दोनचार डबकी. पण देवाची दुकानदारी उन्हातही बंद नसते. सगळं गवत वाळून पिवळं झालेलं, आणि त्यातच गोखरूची इवली पिवळी फुलं जमिनीला चिकटून हसत होती. काटे त्यांच्या पोटाखाली. रुईच्या झुडपाला जांभळट फुलांचे झुबके आले होते. पुढे कचऱ्याच्या ढिगाऱ्याशेजारी धोतऱ्याचे पांढरे भोंगे उघडले होते, आणि धाकटीने वाकून बघितल्यावर त्यातल्या एकात एक भुंगा झोपलेला निघाला. "याचं बरं आहे," मामी म्हणाल्या. ते कुणाला हसण्यासारखं वाटलं नाही.

पाखरंही आपापल्या कामाला लागलेली. डबक्याकाठी धोबी शेपूट वरखाली करत फिरत होता. खंड्या एका वाळक्या फांदीवर इतका निश्चल बसला होता की तो बसलाय की विसरलाय ते कळेना. ही डोळ्यांनी दिसणारी पाखरं मामा स्वतः ओळखत. त्यांची नजर अजून घारीची होती. पानांत दडलेली बोलत, ती मामींच्या वाट्याला. त्यांनी एकदा दाबलं, दोनदा दाबलं, अंगठा फिरवला. मामा हात वर करत, नाव सांगत, दोन गोष्टी रंगवत. कीर्तनात बुवा निरूपणाला लागले की मागच्या टाळकऱ्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. पण टाळ एक क्षण चुकला तर बुवाच आधी मागे बघतात.

पुलाच्या अलीकडे वाट एकदम उतरते. तिथे सुटे दगड आहेत. मामींचे डोळे उघडे होते, पण त्यांच्यामागे कुणी जागं होतं असं म्हणता येणार नाही. पाय दगडावर पडला, दगड सरकला, गुडघ्यातून एक कळ थेट कमरेपर्यंत गेली आणि मामींच्या हाताला जे लागलं ते त्यांनी घट्ट धरलं. लागली ती मामांची करंगळी.

मामा जागच्या जागी थिजले.

हा संकेत त्यांच्या भाषेत नव्हता. तो त्याच्याही आधीचा होता. नऊ वर्षांपूर्वी याच उतारावर, असाच उन्हाळा असताना, एक कस्तूर गायला होता. या बाजूला कस्तूर कधी येत नाही. कुठून वाट चुकून आला देव जाणे, पण पुलाखालच्या सावलीत बसून तो अशी शीळ घालत होता, की एखादा माणूस घरी एकटाच असावा आणि आनंदात काम करता करता गुणगुणत असावा. तेव्हा मामांचे कान शाबूत होते. मामींनी नकळत त्यांची करंगळी धरली होती आणि दोघं पाऊण तास तसेच उभे होते. परत जाताना एकमेकांशी काही न बोलताही जेवल्यासारखं वाटलं होतं. पुढच्या आठ उन्हाळ्यांत मामांनी तो पुन्हा ऐकला नव्हता, पण त्याचं आख्यान प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलं होतं.

मामांनी हात वर केला.  "कस्तूर," ते म्हणाले.

सगळी मंडळी श्वास रोखून उभी राहिली. मामींनी बोट सोडलं होतं, गुडघा दाबून धरला होता, नख लावायला हात पुढे केला आणि मामांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. नख तसंच राहिलं.

ओढ्यात काहीही वाजत नव्हतं. लांबवर कुठे मोटार गेली तेवढीच. पण कान हा मोठा आज्ञाधारक अवयव आहे. थोडा वेळ गेला आणि दंतवैद्य मान डोलावत म्हणाले, "लागला, लागला. पुलाच्या उजवीकडून." धाकटी म्हणाली फारच बारीक आहे. थोरलीने डोळे मिटून घेतले आणि ती कुठल्या तरी सुखात हसू लागली. वहीवाल्या बाई खाली मान घालून लिहीत होत्या. त्यांनी तारीख, वेळ, जागा लिहिली आणि नावाखाली दोन रेघा ओढल्या.

मामी मनात म्हणाल्या, जाऊ दे. एका पाखराने काय होतं. एवढा आनंद या माणसाला तीन वर्षांत झाला नाही. देवा, तूच काय ते सांभाळून घे.

पण मामांच्या अंगात आता वारं शिरलं होतं. परतीच्या वाटेवर ते थांबून थांबून बोलत होते. कस्तूर आलाय म्हणजे तो चार दिवस राहणार. नऊ वर्षांपूर्वी आपण एकदाच ऐकला आणि दुसऱ्या दिवशी आलो नाही, ही केवढी चूक झाली. या वेळी ती करायची नाही. उद्यापासून रोज यायचं, सगळ्यांनी, कामाला जायच्या आधी, पाचला फाटकाशी. आठवडाभर. लागलाच तर पुढचाही आठवडा. दंतवैद्य म्हणाले, "दात सकाळी नऊनंतरच दुखतात, मी येतो." बहिणींनी मशीनला तेल घालायचं रात्रीवर ढकललं. मामा मामींकडे वळून म्हणाले, "आपण साडेचारला उठू."

मामींची पाळी सातला सुरू व्हायची. साडेचार ते साडेसहा ओढा, सात ते चार रोलर. सोमवार, मंगळवार, बुधवार. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि बुधवारीच सोडून दिलं.

पंपघराच्या बाकावर मंडळी बसली. मामींनी बाटल्या फिरवल्या. वहीवाल्या बाई वाचू लागल्या. धोबी. हो, हो. खंड्या. हो, हो. हळद्या, सुतार, वेडा राघू. गोखरू, रुई, धोतरा. दोन दोन होकार पडत गेले. मग बाईंनी चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "कस्तूर."

"हो," दंतवैद्य म्हणाले. हे हो जरा कमी दमाचं होतं.

बाईंनी थोरलीकडे बघितलं. थोरली म्हणाली, ऐकल्यासारखं वाटलं खरं. "वाटलं चालत नाही," बाई म्हणाल्या. नियमाच्या बाबतीत त्या फार कडक. धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ती म्हणाली, आपण त्या वेळी जरा शिंकणार होतो, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. बाई स्वतः लिहिण्यात होत्या. एक साक्ष कमी पडत होती. वहीवरचं पेन खोडायला टेकलं.

तेव्हा मामा उठून उभे राहिले. अठरा वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. "हिला विचारा ना," ते म्हणाले. "ही होती शेजारी. अगं, सांग यांना."

सगळ्यांची तोंडं मामींकडे वळली. मामांचं तोंड सगळ्यात उजळलेलं होतं. त्यांना खात्रीच होती. करंगळी धरणारी तीच तर होती. मामींनी हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं, ते आधीच घट्ट होतं. "हो" एवढं एक अक्षर. म्हटलं की कस्तूर वहीत, आणि उद्या साडेचारचा गजर. तो गजर ऐकायलाही घरात त्याच एकट्या.

"नाही," मामी म्हणाल्या.

मामांनी त्यांच्या ओठांकडे निरखून बघितलं, चुकून काही दुसरं कळलं की काय असं.

"कस्तूर नव्हता," मामी म्हणाल्या, आता सावकाश, मामांकडे तोंड करून, की त्यांना प्रत्येक शब्द कळावा. "माझा गुडघा लचकला. पडत होते म्हणून करंगळी धरली. तुम्हाला वेगळं वाटलं."

दंतवैद्यांनी विचारलं की करंगळीचा आणि कस्तुराचा काय संबंध. मग मामींना सगळंच सांगावं लागलं. दाबणं, फिरवणं, नख. त्या सांगत होत्या आणि मामा हळूहळू बाकावर खाली बसत होते. सांगून झालं. वहीवाल्या बाईंनी मागची पानं चाळली. तीन उन्हाळे. "म्हणजे हे सगळं," त्यांनी पानांवरून हात फिरवला, "मामी, हे सगळं तुम्ही ऐकलेलं?"

"खरं आहे सगळं," मामी घाईने म्हणाल्या. "एकही खोटं नाही. हे एकच."

"आणि डॉक्टर," थोरली शांतपणे म्हणाली, "तुमचे कान तर शाबूत आहेत ना? पुलाच्या उजवीकडून म्हणालात."

दंतवैद्य आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. बाईंनी दोन रेघा ओढलेल्या त्या नावावरून तिसरी आडवी रेघ मारली. मग त्यांनी वही मिटून मामींच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, असं असेल तर यापुढे फेरी मामींनीच न्यावी. खऱ्या ऐकणाऱ्या त्याच आहेत. धाकटीने मान डोलावली.

मामींनी वहीकडे बघितलं. जुन्या जाड पुठ्ठ्याचं वजन मांडीवर पडलं तेवढ्यानेही गुडघा दुखला. त्यांनी वही उचलून बाईंना परत दिली. "नको हो," त्या म्हणाल्या. "मला झोपायचं आहे."

घरी जाताना दोघांत चार हातांचं अंतर होतं. मामा पुढे, मामी मागे लंगडत. सोमवारी मामा बोलले नाहीत. मंगळवारीही नाही. अबोला काय तो घराला नवा नव्हता, संसारात आधीही दोनतीन झाले होते. पण या वेळी मामा खुर्ची ओढताना, भांडं ठेवताना फार हळू वागत होते, जणू आपण किती आवाज करतो हे आता त्यांना कुणीतरी दाखवून दिलं होतं. मामी कामावर जायच्या, यायच्या, चादरींच्या घड्या स्वप्नात घालायच्या. सगळ्यांसमोर सांगितलं हे त्यांना सलत होतं. पण सलता सलता डोळा लागत होता, इतक्या त्या दमल्या होत्या.

बुधवारी मामी कामावरून आल्या तेव्हा मामांनी घमेल्यात गरम पाणी आणि मीठ करून ठेवलं होतं. मामींनी पाय आत सोडले. मामा समोर पाटावर बसले. त्यांचं तोंड मामींकडे होतं, ओठ बघता येतील असं.

"सगळ्यांसमोर," मामा म्हणाले.

"चुकलंच माझं," मामी म्हणाल्या. "पण तुम्हीच विचारलंत."

मामांनी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुला आवडतं."

"आवडायचं. अजूनही आवडतं. पण आता आवडण्यापेक्षा दमणं जास्त झालंय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. रविवारी पहाटे. तुमच्या पाठीला सांगितलं."

 मामांनी हात घमेल्यात घालून पाणी निवलं का ते बघितलं आणि किटलीतलं आणखी थोडं ओतलं. रडले वगैरे नाहीत. फक्त म्हणाले, तीन वर्षं आपल्याला वाटत होतं की हे गुपित आपलं आहे आणि बायको आपल्यावर माया म्हणून ते सांभाळते आहे. ते ओझं आहे हे ध्यानातच आलं नाही. मामी म्हणाल्या, "मायाच होती. मायेलाही पाय असतात." मग दोघंही त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघत बसले.

रविवार आला. साडेपाचला मामींना आपोआप जाग आली. सवय काही सुट्टी घेत नाही. उशाशी कुणी उभं नव्हतं. मामा पलंगाच्या कडेला बसले होते, एका पायात बूट, दुसरा बूट हातात. तसे ते फार वेळ बसून होते. मामींना त्यांच्या मनातलं जसंच्या तसं दिसत होतं: फाटकाशी चौघं उभी असतील. किंवा नसतील. असली तर जास्त अवघड.

मामींनी पांघरूण बाजूला सारलं नाही. त्यासाठी त्यांना फार जोर लावावा लागला. उठून बाटल्या भरायला जितका लागला असता, त्याहून जास्त. त्या डोळे अर्धवट मिटून पडून राहिल्या आणि देवाला म्हणाल्या, यांच्या पायात दुसरा बूट तूच घाल, मी आज घालणार नाही.

मामांनी बूट घातला. नाडी बांधली. बाटल्या स्वतः भरल्या, नळाखाली जरा जास्तच सांडवत. दार लागलं. मामींनी कूस बदलली आणि त्या कुठे गेल्या ते त्यांनाही कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवरून खाली जमिनीवर आलं होतं आणि मामा पलंगाशेजारी खुर्चीत बसले होते. बुटांवर धूळ. पँटच्या पायांना गोखरूचे काटे चिकटलेले. मामी उठू लागल्या, तर मामांनी हातानेच पडून राहा म्हटलं आणि सांगायला सुरुवात केली, कानाने मंद झालेली माणसं बोलतात तशी, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

सगळे आले होते. उंबराखाली पोचल्यावर मामांनी हात वर केला नाही. आपल्याला आता काही ऐकू येत नाही, ज्याचं त्याने ऐकावं, असं सांगून टाकलं. मग जी काय शांतता पसरली. दंतवैद्यांनी एक सुतार ओळखला, तो पुढे सुतारच निघाला, तर पोरासारखे नाचले. बहिणींनी एका आवाजावरून वाद घातला आणि तो कुणाच्या तरी सायकलचा निघाला. सगळं मिळून चार पाखरं. चारच. मामांनी चार बोटं वर केली.

 चार म्हणजे काहीच नाही, मामींना वाटलं. त्या असत्या तर अकरा झाली असती. हळद्या तर या दिवसांत उंबर सोडतच नाही. पुढच्या रविवारी येते मी, हे शब्द अगदी जिभेवर आले होते.

"पण खाली बघ," मामा म्हणाले. अठरा वर्षं वर बघून चाललो, आज कान नाहीत म्हणून मान खाली गेली. पुलापाशी खडकाच्या फटीत एक फूल आहे, नखाएवढं, निळसर, पाच पाकळ्या, मधे पांढरा ठिपका, आणि पाकळीवर केसाहून बारीक रेघा. कुणालाच नाव माहीत नाही. वहीवाल्या बाई पोटावर पालथ्या पडून त्याचं चित्र काढत होत्या, एवढ्या प्रतिष्ठित बाई, आणि धाकटी त्यांच्यावर छत्री धरून उभी. त्याची पानं कशी आहेत सांगतो, दोन दोन समोरासमोर, आणि उलट्या बाजूला लव आहे. आणि देठ...

मामांनी मान वर केली. मामींचे डोळे मिटले होते. ओठ किंचित उघडे, जिभेवरचे शब्द तिथेच राहून गेलेले. मामांना त्यांचा श्वास ऐकू आला नाही, पण पांघरूण वरखाली होताना दिसलं. देठाचं सांगायचं राहिलं होतं. मामा वाकले आणि पँटच्या पायाचे काटे एकेक करून काढू लागले.